नवीन सरपंच झालात? पहिला नारळ फोडायच्या आधी हे करा

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, चौकात डिजिटल बोर्ड पण लागले, आता सगळं गाव बघणार की नवीन सरपंच पहिलं काय करतोय. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच गावांत पहिला नारळ फुटतो कमानीचा नाहीतर पेव्हर ब्लॉकचा, कारण ते दिसतं आणि फोटो चांगला येतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे, पहिला महिना एकही नारळ फोडू नका, आधी पंचायतीचं दप्तर बघा.

भाऊसाहेबांसोबत (म्हणजे ग्रामसेवक, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच) एक अख्खी दुपार बसा आणि रोकड वही बँकेच्या पासबुकाशी लावून बघा. खात्यावर खरंच किती आहेत, कुणाची बिलं द्यायची राहिलीत, पाणीपुरवठ्याचं आणि पथदिव्यांचं लाईट बिल किती थकलंय. वित्त आयोगाचा (केंद्राकडून पंचायतीला येणारा) पैसा वेगळा मोजा, कारण पंधराव्या आयोगात 60 टक्के बंधित होता म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेला, आणि उरलेल्या 40 टक्क्यांतून पण पगार काढता येत नव्हता. हे माहीत नसताना स्टेजवर शब्द देऊन बसलं की पुढं पाच वर्षं तोंड लपवायची वेळ येते. मग नमुना 8 आणि 9 (कर आकारणीची आणि कर मागणीची वही) मागा, घरपट्टी-पाणीपट्टी कुणाकडं किती थकलीय ते त्यात कळतं. यादीत तुमचं नाव असलं, भावकीचं असलं, तर पहिली पावती तुमची फाडा, त्यानंतर सदस्यांची. कायद्यानं पण मागणी आल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर पद जाऊ शकतं, पण ते सोडा, स्वतः भरल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात वसुलीला कुठल्या तोंडानं जाणार?

मोठमोठ्या नेत्यांचं पण असंच असतं. अमेरिकेत रूझवेल्ट 4 मार्च 1933 ला अध्यक्ष झाले तेव्हा बँका धडाधड बुडत होत्या, त्यांनी 6 मार्चपासून देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या, तपासणी लावली, 12 मार्चला रेडिओवरून साध्या भाषेत लोकांना समजावून सांगितलं की काय केलं आणि का केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून धड असलेल्या बँका उघडायला लागल्या. ते पहिले शंभर दिवस अजून सांगितले जातात. म्हणजे आधी मोजलं, मग सांगितलं, मग उघडलं. गावात पण हाच क्रम ठेवा.

आता एक गोष्ट जी अजिबात करू नका. जुन्या पार्टीचा म्हणून शिपाई किंवा पाणी सोडणारा माणूस काढू नका. कार्यकर्ते कानाला लागणार, "आपला माणूस घ्या की", पण कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह गाडलाय, वरच्या वस्तीला पाणी चढवायचं तर आधी कुठला बंद करायचा हे कागदावर कुठंच नसतं, त्याच्या डोक्यात असतं. त्याला काढलात की पाणी बंद, आणि शिव्या तुम्हाला.

उलट त्याच्याबरोबर आणि जलसुरक्षकाबरोबर (गावाच्या पाण्याची तपासणी बघणारा माणूस) सकाळी टाकीवर जा. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायला टाकतात ती) कुठं ठेवलीय बघा, तोंड उघडं पडलेलं, ओल लागलेलं पोतं असलं तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, कितीही टाकली तरी उपयोग नाही. नंतर गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळावर (टाकीजवळच्या नाही) ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) करा. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोचतोय, पाणी तसंच राहिलं तर नाही. याला खर्च जवळपास काही नाही आणि लेकरांची पोटं बिघडायची थांबतात, याच्यापेक्षा मोठं पहिलं काम मला तरी सुचत नाही.

अवघड निर्णय नंतर. हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले, तिथं शेतीसाठी बोअर घेणं आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं ग्रामसभेनं बंद केली आणि लोकांनी ते पाळलं. आपल्या ऊसपट्ट्यात असं नुसतं बोलायचं म्हटलं तरी गावाचा आधी तेवढा विश्वास लागतो.

ताई सरपंच असतील तर त्यांना वेगळं सांगतो, कारण निम्म्या जागा महिलांच्या आहेत. डिजिटल सहीची की (पेनड्राइव्हसारखी असते ती) आणि तिचा पिन नवऱ्याकडं, दिराकडं नाहीतर पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडं देऊ नका. पैसे तुमच्या सहीनं सुटतात, उद्या चौकशी लागली तर नोटीस तुमच्याच नावानं येणार. वाचल्याशिवाय सही नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोड शब्दात सांगून टाका.

हे सगळं झालं की ग्रामसभा लावा. सात दिवस आधी नोटीस, दवंडी द्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाका. आधी महिला सभा घ्यायचीच, कागदोपत्री नाही, खरोखर. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल ते. सभेत शिल्लक किती, देणं किती, थकबाकी किती हे आकडे मोठ्यानं वाचा आणि तेच फळ्यावर लिहून पंचायतीच्या बाहेर लावा. फक्त महिला सभेची वेळ त्यांनाच विचारून ठरवा, सकाळी अकराला ठेवली तर खुरपायला गेलेली एक पण बाई येणार नाही.