गावच्या कला महोत्सवाची संस्था चालवताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावात चार दिवसांचा कला महोत्सव भरवणाऱ्या एका छोट्या धर्मादाय संस्थेचा मी नऊ वर्षं खजिनदार होतो. एवढ्या वर्षांत मंडप एकदाही पडला नाही, अवकाळी पाऊस आला तोही एकदाच. आमचं जे जे बिघडलं ते दोनच ठिकाणी बिघडलं. एक स्टेजसमोरच्या पहिल्या तीन रांगांत आणि दुसरं महोत्सव संपल्यानंतरच्या पंधरा दिवसांत, जेव्हा सगळे थकलेले असतात आणि पावतीपुस्तकं कुणाच्या तरी स्कूटरच्या डिक्कीत पडून असतात.

आधी पहिल्या रांगांबद्दल. दुसऱ्या वर्षी आम्ही गावातल्या हलगी पथकाला साडेआठची वेळ दिली होती. उद्घाटन साडेसातला होतं, पाहुणे नऊला आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि सात जणांची मनोगतं. पोरं मंडपामागे पाचट पेटवून हलग्या तापवत बसली होती. तीनदा तापवल्या, तीनदा गार झाल्या. पावणेदहाला त्यांना स्टेज मिळालं आणि दहाच्या ठोक्याला हवालदारांनी लांबूनच मनगटावर बोट ठेवलं. पंधरा मिनिटं. त्यांच्या घरची माणसं दोरीच्या मागे उभी होती आणि पुढचे सोफे निम्मे रिकामे, कारण भाषण आटोपून पाहुणे निघून गेले होते.

उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने ठरवलेल्या दिवसांपुरती, आणि त्यातले बरेच दिवस गणपती-नवरात्रातच जातात. आपला महोत्सव त्यात बसतो, असं गृहीत धरू नका. बंदिस्त सभागृहाला रात्रीची ही बंदी नाही, म्हणून शेवटचा लांबणारा कार्यक्रम तिथे ठेवता येतो. शाळा, दवाखाना किंवा कोर्टाच्या १०० मीटरच्या आत मैदान असेल तर तो शांतता क्षेत्राचा प्रश्न आहे. तारीख ठरवण्याआधीच पोलीस ठाण्यात विचारून या.

आम्ही पुढे क्रमच उलटा केला. स्थानिक कलाकार आधी, सत्कार मध्ये, तोही दहा मिनिटांत. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम थांबत नाही, हे निमंत्रणाच्या फोनवरच सांगायचं. दोन पाहुणे रागावले. एक पुढच्या वर्षी वेळेवर आले. सोफे काढून तिथे सतरंज्या टाकल्या आणि मागे खुर्च्या ज्येष्ठांसाठी ठेवल्या. गर्दी तेवढीच होती, पण फोटोत मंडप भरलेला दिसायला लागला.

आता पैशांकडे येऊ. बहुतेक मंडळी इथे ‘आपलंच तर आहे’ म्हणून ढिली पडतात.

वर्गणी सुरू करण्याआधी परवानगी बघा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली नसेल आणि चार मित्र मिळून महोत्सवासाठी पैसे गोळा करणार असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली आधी परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना हे पाठ असतं, कला महोत्सववाल्यांना वाटतं आपण देवाचं करत नाही तर आपल्याला कशाला. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे घेतले की तेही त्यात आलं.

पावतीपुस्तकं वाटताना वहीत पुस्तकाचा नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि सही. परत घेताना स्थळप्रती मोजून घ्यायच्या, कोऱ्या पावत्यांवर आडवी रेघ मारायची. आमचं एक पुस्तक हरवलं. ज्याच्याकडे होतं तो प्रामाणिक माणूस, त्यामुळे कुणी विषयच काढेना. शेवटी त्यानेच ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांची आठवून यादी केली, आम्ही दारोदार जाऊन त्यांच्याकडच्या पावत्यांचे फोटो काढले, हरवलेल्या नंबरांची सूचना फलकावर लावली, विश्वस्तांच्या सभेत ठराव घेतला आणि सगळं लेखापरीक्षकांच्या हातात दिलं. दोन पावत्या सापडल्याच नाहीत, तेही ठरावात लिहिलं. झाकून ठेवलं असतं तर त्याच दोन पावत्यांच्या गावभर वीस झाल्या असत्या.

रोखीचं वेड कमी करा. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची मान्यता, असेल तरी २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. व्यापारी मोठ्या मनाने पाच हजारांची नोट-गड्डी देतात आणि मार्चमध्ये प्रमाणपत्र मागायला येतात, तेव्हा तोंड लपवायची वेळ येते. पैसे घेतानाच क्यूआर कोड पुढे करा. खर्चाच्या बाजूला एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च संस्थेच्या कामाचा म्हणून धरत नाहीत. मंडपवाल्याचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे बिलातूनच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. मंडपवाला म्हणतो, ‘साहेब, आजवर कुणी कापला नाही.’ हसून कापायचा.

आणि सगळ्यात महाग पडलेली चूक सांगतो. आमचे सचिव मुलाकडे परदेशी राहायला गेले. निरोपसमारंभ झाला, नवे सचिव झाले, फलकावर नाव बदललं. धर्मादाय कार्यालयात मात्र कुणी गेलं नाही. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो, लोक त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. दोन वर्षांनी बँकेने सह्यांचे अधिकार बदलायला परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला विश्वस्तांची नावं असलेला, ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर जुनेच सचिव. खात्यात पैसे, दारात जनरेटरवाला, आणि चेकवर चालणारी दुसरी सही सातासमुद्रापार. त्या वर्षीचा महोत्सव आम्ही उधारीवर आणि विश्वस्तांच्या खिशातून काढला.

तुमचंही असं अडलं असेल तर नवीन संस्था काढायचा विचार आधी डोक्यातून काढा, जुन्या संस्थेचे पैसे त्यामुळे मोकळे होत नाहीत. सभेची सूचना, हजेरी, ठराव, जुन्या विश्वस्ताचा राजीनामा, नव्याचं संमतिपत्र हे कागद गोळा करून वकिलामार्फत बदल अर्ज द्या आणि सोबत उशीर माफीचा अर्ज जोडा. राजीनामा लेखी घ्यायचा राहिला असेल तर जाणाऱ्या माणसाशी संबंध गोड असतानाच घ्या. इतिवृत्ताची वही मात्र मागच्या तारखा टाकून लिहायला बसू नका. एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या तीन वर्षांच्या सभा कुणालाही ओळखू येतात.

संस्थेच्या घटनेतलं उद्देशाचं कलमही एकदा काढून वाचा. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवात लोक मोफत कार्यक्रम बघतात, पण तो १९९९ पासून भरवणारी संस्था त्या परिसराच्या वारशाची जपणूक हे आपलं काम मानते. तुमच्या घटनेत फक्त ‘नाट्यप्रयोग करणे’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही उरलेल्या पैशातून वाचनालयाचं छप्पर घालत असाल, तर काम चांगलं असूनही खर्च उद्देशाबाहेरचा ठरतो.

नाटक किंवा एकांकिका असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली हवी, आणि लेखकाची परवानगी वेगळी. प्रवेश मोफत आहे म्हणून लेखकाने मानधन मागायचं नाही असं परस्पर ठरवू नका. हौशी मंडळाच्या विनातिकीट प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण बाहेरून पैसे देऊन बोलावलेला संच हौशी नसतो.

शेवटचं मानधनाचं. शहरातल्या गायिकेला आगाऊ रक्कम बँकेत आणि गावच्या भारूडवाल्याला ‘हिशेब झाल्यावर देतो’, हे आम्हीही केलंय. आता पाकिटं आणि व्हाउचर आदल्या दिवशीच तयार असतात. हलगीवाले स्टेजवरून उतरले की हलग्या भिंतीला टेकवतात, घाम पुसतात, पैसे मोजतात आणि सही करतात. त्यांच्यातला एक जण अंगठा लावतो, म्हणून डिंकाच्या बाटलीशेजारी शाईचा पॅडही ठेवलेला असतो.