घरच्या फायरवॉलसाठी छोटा, कमी वीज खाणारा डबा घेताय? या चुका टाळा

राउटर काढून त्या जागी स्वतःचा फायरवॉल, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून रहदारी तपासणारा छोटा संगणक, बसवायचं ठरलं की पहिली नजर जाते प्रोसेसरवर. कोअर किती, गीगाहर्ट्झ किती, रॅम किती. मीही पहिला डबा असाच घेतला होता. त्यानंतर स्वतःचे आणि ओळखीच्यांचे मिळून बरेच डबे बसवले, काही उतरवलेही, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. घरच्या वापरात प्रोसेसर क्वचित रडवतो. रडवतात ते नेटवर्क पोर्ट, उष्णता आणि वीजपुरवठा. जाहिरातीत सगळ्यात कमी माहिती असते ती नेमकी या तिघांचीच.

पोर्ट मोजले, पण त्यामागची चिप पाहिली नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डब्यावर चार पोर्ट आहेत एवढं पुरेसं नसतं. त्या पोर्टांमागे कोणती चिप आहे आणि तुम्ही वापरणार असलेल्या प्रणालीत तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) कसा आहे, हे आधी बघायला हवं. फायरवॉलच्या प्रणालींपैकी पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभ्या आहेत, ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सवर. त्यामुळे एकच डबा एका प्रणालीवर गुण्यागोविंदाने चालतो आणि दुसरीवर रोज भांडतो.

रिअलटेकच्या गीगाबिट आणि अडीच गीगाबिट चिप लिनक्सवर बहुतेकदा सुरळीत चालतात. फ्रीबीएसडीच्या मूळ ड्रायव्हरसोबत मात्र त्यांची कुरबुर जुनी आहे. लक्षण ठरलेलं: एरवी सगळं ठीक, मोठं डाउनलोड सुरू झालं की पोर्ट काही सेकंद मरतो, परत उठतो, आणि लॉगमध्ये ‘वॉचडॉग टाइमआउट’ दिसतं. डबा फेकायची गरज नाही. रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, ओपीएनसेन्समध्ये तर प्लगइन म्हणून. तो टाकून मशीन पुन्हा सुरू केलं की बहुतेक वेळा त्रास थांबतो. पण अजून खरेदी व्हायची असेल आणि फ्रीबीएसडीच वापरायचं असेल, तर इंटेलच्या पोर्टांचाच डबा घ्या.

इंटेल म्हटलं की डोळे मिटून घ्यावं, असंही नाही. अडीच गीगाबिटची आय२२५ ही चिप पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात दोन पॅकेटांमधल्या (डेटाच्या तुकड्यांमधल्या) अंतराची गडबड होती. काही स्विचांशी जोडली की पॅकेट हरवायची, वेग कोसळायचा. पोर्ट १ गीगाबिटवर बांधून ठेवणं हा तेव्हाचा तात्पुरता उपाय होता. बी३ या आवृत्तीत दोष दुरुस्त झाला, आणि पुढे आय२२६ आली. जुना डबा कुणाकडून घेत असाल तर आय२२५ कोणत्या आवृत्तीची आहे, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नका. आय२२६वरही काही बोर्डांत अधूनमधून लिंक तुटते. तिथे बायॉसमधली (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधली) पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत आणि पोर्टची ऊर्जाबचत बंद करून बघावी. एखादा वॅट जास्त जाईल, पण लिंक टिकेल.

वेग ९४वर अडकला, म्हणून डब्याला दोष दिला

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता आकडा ऐकूनच उत्तर देतो. वेग ९४ एमबीपीएसच्या आसपास खिळून बसला असेल तर डबा दुबळा नाही, लिंकच १०० एमबीपीएसवर जुळली आहे. १०० एमबीपीएसला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गीगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाला नीट बसली नाही, की दोन्ही यंत्रं मुकाट्याने खालच्या वेगावर तडजोड करतात. इंटरफेसच्या पानावर जुळलेला वेग लिहिलेला असतो, आधी तो पाहा, मग केबल बदला. गीगाबिट लिंकवर प्रत्यक्ष उपयोगी वेग साधारण ९४० पर्यंत जातो. तेवढा मिळत असेल तर हरवलेले साठ शोधत बसू नका, ते पॅकेटांच्या वेष्टनात जातात.

आणखी एक. वेग मोजण्याचा आयपर्फसारखा प्रोग्रॅम फायरवॉलवरच चालवू नका. पॅकेट पुढे ढकलणं हे त्या डब्याचं काम आहे. चाचणीची पॅकेटं तोच तयार करू लागला तर कमी आकडा येतो आणि तुम्ही विनाकारण नवा डबा शोधू लागता. एक संगणक फायरवॉलच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि मोजमाप त्यांच्यामधून.

कोअर मोजले, एका कोअरची ताकद नाही

चार कोअर आहेत, डॅशबोर्डवर प्रोसेसरचा वापर जेमतेम २५ टक्के, तरी वेग पुढे सरकत नाही. हे २५ टक्के नीट वाचा: चारपैकी एक कोअर पूर्ण भरलेला आहे आणि तिघे हातावर हात ठेवून बसले आहेत.

असं सगळ्यात जास्त पीपीपीओईवर, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन इंटरनेटला जोडण्याच्या पद्धतीवर, होतं. चांगलं नेटवर्क कार्ड पॅकेटमधले आयपी पत्ते आणि पोर्ट बघून येणारी रहदारी वेगवेगळ्या रांगांत वाटतं, आणि प्रत्येक रांग वेगळा कोअर उपसतो. पीपीपीओईत आयपीची माहिती आणखी एका वेष्टनात गुंडाळलेली असते. बहुतेक कार्डांना ती दिसत नाही, म्हणून सगळी आवक एकाच रांगेत, एकाच कोअरच्या माथी. फ्रीबीएसडीवर हे विशेष जाणवायचं. पीसी इंजिन्सचा एपीयू२ हा बोर्ड मला मनापासून आवडायचा. त्यात १ गीगाहर्ट्झचे चार कोअर होते, पण गीगाबिट पीपीपीओईपुढे तो याच कारणाने दमायचा. २०२५मध्ये आलेल्या पीएफसेन्स २.८मध्ये पीपीपीओईसाठी नवा ड्रायव्हर आहे आणि तो बराच हलका आहे. आधीची मांडणी तशीच पुढे आणली असेल तर प्रगत नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो चालू आहे का, हे तपासा.

खात्री करायची तर टॉप ही आज्ञा थ्रेड (प्रोसेसरवर चालणारे कामाचे धागे) वेगवेगळे दाखवणाऱ्या पर्यायासह चालवा आणि त्याच वेळी मोठं डाउनलोड सुरू ठेवा. एकच थ्रेड शंभरीला टेकलेला दिसला की रोग सापडला.

व्हीपीएनचंही (इंटरनेटवरून जाणाऱ्या कूटबद्ध जोडणीचंही) गणित असंच. ओपनव्हीपीएनचा जुना मार्ग एकाच थ्रेडवर चालतो, शिवाय एईएस कूटलेखनासाठी प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय ही सोय नसेल तर वेग फार पडतो. सेलेरॉन जे१९००चे डबे वापरलेल्या मालात भरपूर फिरतात. त्यात ही सोय नाही. पीएफसेन्सने २०१७मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी एईएस-एनआय सक्तीचं करणार असं जाहीर केलं होतं. पुढे ती अट मागे घेतली, पण त्या घोषणेने ‘एईएस-एनआय हवंच’ हा समज मात्र कायमचा रुजला. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला त्याचा काही उपयोग नाही, कारण तो एईएसऐवजी चाचा२० हे कूटलेखन वापरतो. तेव्हा आधी कोणता व्हीपीएन चालवणार ते ठरवा, मग चिप बघा.

रॅमबद्दल फार बोलायला नको. नुसता फायरवॉल आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) असेल तर ४ जीबी रग्गड. सुरिकाटासारखी घुसखोरी-तपासणी लावणार असाल तर ८ घ्या. त्यापुढचे पैसे चांगल्या पोर्टांवर घाला.

टीडीपी म्हणजे वीजवापर असं समजणं

इंटेल एन१०० या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे उत्पादकाने सांगितलेली उष्णतेची मर्यादा, ६ वॅट. म्हणून डबा ६ वॅट खाणार, असं होत नाही. तो आकडा फक्त चिपचा, तोही ठरावीक परिस्थितीतला. प्रत्येक पोर्ट, रॅम, एसएसडी आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यावर चढते. भिंतीच्या सॉकेटला वीजमापक लावून जो आकडा दिसतो, तोच खरा.

फायरवॉल वर्षाचे ८,७६० तास चालतो, म्हणून इथे प्रत्येक वॅटला वजन आहे. १० वॅटचा डबा वर्षाला ८७.६ युनिट खातो. अडगळीतला जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ५२५.६ युनिट. ‘फुकटात पडला’ असं ज्याच्याबद्दल म्हणतो, तो दरवर्षी बिलातून आपली किंमत वसूल करतो.

काही उत्पादक बायॉसमध्ये चिपची वीजमर्यादा तिच्या टीडीपीपेक्षा खूप वर नेऊन ठेवतात. जाहिरातीतल्या चाचणीत आकडे छान येतात, पण पंखा नसलेल्या डब्यात ती उष्णता जाणार कुठे? मर्यादा खाली आणा. घरच्या रहदारीत फरक कळणार नाही.

पंखा नाही म्हणून कुठेही ठेवला

माझा एक डबा बंद कपाटात होता, मोडेमच्या डोक्यावर. दुपारी इंटरनेट अडखळायचं, संध्याकाळी आपोआप सुधारायचं. दोन आठवडे मी सेवा पुरवणाऱ्यांना फोन करत होतो. मग तापमानाचा आलेख लावला आणि सगळं समोर आलं: दुपारी प्रोसेसर इतका तापत होता की स्वतःचा वेग कमी करून घेत होता. डबा उघडला तर आतल्या धातूच्या ठोकळ्याचा एक स्क्रू सैल. थर्मल पेस्टचा गोळा मध्येच वाळून बसलेला, चिपचा अर्धा भाग कोरडा. जुनी पेस्ट पुसली, नवी पातळ लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळले, आणि डबा कपाटाबाहेर उघड्या फळीवर ठेवला. त्रास गेला तो गेलाच.

पंखा नसलेल्या डब्याचं आवरण हाच त्याचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो. त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर काही ठेवलं की त्याचं नाक दाबलं. आवरण हाताला गरम लागणं चांगलंच, कारण उष्णता बाहेर येते आहे. आवरण थंड आणि आतला आकडा मात्र चढलेला, तर मधला संपर्क तुटला आहे. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये प्रोसेसरचा तापमान-संवेदक सेटिंगमधून निवडावा लागतो. तो निवडलेला नसल्यामुळे अनेकांना आपला डबा तापतो हे कळतच नाही.

एकाच डब्याकडून सगळं करून घेणं

मागचे चार पोर्ट बघून वाटतं, स्विच वाचला. पण स्विचमध्ये पॅकेट इकडून तिकडे नेणारी वेगळी चिप असते. अशा डब्यात पोर्ट एकत्र बांधले की तेच काम प्रोसेसरवर पडतं. छोटा वेगळा स्विच घ्या. वायफायचंही तेच: फ्रीबीएसडीवर ते अजून मागे आहे, वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडा आणि मोकळे व्हा.

रास्पबेरी पाय या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकावर हे करावं का, असंही विचारलं जातं. त्याच्या ३बी प्लसचा गीगाबिट पोर्ट यूएसबी २मधून जातो, म्हणून सुमारे ३०० एमबीपीएसला थांबतो. २०१९चा पाय ४ खरा गीगाबिट देतो, पण पोर्ट एकच. व्हीलॅन (एकाच केबलवरून वेगवेगळी नेटवर्कं नेण्याची सोय) समजणारा स्विच आणि ओपनडब्ल्यूआरटी असेल तर तो चांगला चालतो. मात्र लॉग एसडी कार्डावर सतत लिहू देऊ नका, कार्ड झिजतं. बोर्डावर चिकटवलेल्या ईएमएमसी या साठवणुकीलाही हेच लागू, आणि ती बदलताही येत नाही. लॉग रॅममध्ये ठेवा किंवा दुसऱ्या यंत्राकडे पाठवा.

जुन्या मालात आणखी एका नावाला जपा: इंटेल अ‍ॅटम सी२००० हा प्रोसेसर. त्याच्या घड्याळ-संकेताचा परिपथ कालांतराने क्षीण होतो आणि एके दिवशी यंत्र बूटच होत नाही. हा दोष २०१७मध्ये उघड झाला. सुधारित आवृत्ती असल्याचा पुरावा नसेल तर स्वस्तात मिळाला तरी नको.

वीज जाऊन आल्यावर काय होतं, हे न पाहणं

सगळं जमल्यावर प्लग ओढा, मिनिटभर थांबा, परत लावा. स्क्रीन आणि कीबोर्ड न जोडता. डबा आपोआप सुरू झाला नाही तर बायॉसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तो ‘चालू’वर ठेवा. काही बोर्ड कीबोर्ड नाही म्हणून वाटेतच थांबतात, तीही तपासणी तिथेच बंद करता येते. फाइल-प्रणाली निवडताना झेडएफएस घ्या. अचानक वीज जाणं ती जुन्या यूएफएसपेक्षा चांगलं सोसते.

अ‍ॅडॉप्टर मूळचाच वापरा. १२ व्होल्टच्या पिना बाहेरून सारख्या दिसतात, पण आतला व्यास कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटर असतो. चुकीची पिन ढिली बसते, आणि हात लागला की डबा बंद. कारण नसताना पुन्हा सुरू होणाऱ्या डब्यात मी सर्वांत आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघतो.

आणि एक विचित्र लक्षण. वीज आल्यावर डबा सुरू आहे, आयपी पत्त्याला पिंग जातं, पण नावाने एकही साइट उघडत नाही. तारीख पाहा. बोर्डावरचा घड्याळाचा सेल संपला असेल तर डबा काही वर्षं मागे गेलेला असतो. त्यामुळे डीएनएसच्या सह्या तपासताना त्या सगळ्या अवैध ठरतात, नावांचे पत्ते सापडत नाहीत, आणि वेळ दुरुस्त करायची तर वेळेच्या सर्व्हरचा पत्ताही सापडत नाही. सेल बदला, आणि वेळेच्या सर्व्हरांमध्ये निदान एक थेट आयपी पत्त्याने लिहून ठेवा.