बंदुकीचं कपाट घेताय? कोकणातल्या घरात या चुका टाळा

पहिली चूक माझीच. तिजोरी टेम्पोतून घरी आणली, चार गड्यांनी ती पडवीतून माजघरात सरकवली, आणि बंदूक आत ठेवायला गेलो तर नळी दीड फूट बाहेर. दुकानदाराने ‘घरगुती सेफ’ म्हणून गळ्यात मारलेली ती पेटी दागिन्यांसाठी केलेली होती. उंची अडीच फूट. बाराबोरची एकनळी उभी धरली तर चार फुटांच्या आसपास भरते, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण दुकानात टेप लावायचं सुचलं नाही. आता त्या तिजोरीत सातबाऱ्याचे उतारे आणि आईच्या पाटल्या आहेत.

आमच्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बंदूक असते ती बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. माकडं आणि रानडुकरं यांच्यापायी बागायतदार जेरीला आलेला, आणि आजोबांच्या नावावरचा परवाना बापाच्या नावावर झालेला. पूर्वी ती पडवीतल्या खुंटीवर टांगलेली असायची. 2016 च्या शस्त्र नियमांनी ती घरात सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे, तेव्हा खुंटीचे दिवस संपले. कपाट घ्यावंच लागतं. फक्त ते घेताना आपण मनात चोर धरून घेतो. माझा अनुभव असा, की कोकणात बंदुकीला चोरापेक्षा घरातली माणसं आणि ओल जास्त नडतात.

मापाचं आधी उरकून टाकू. टेप घेऊन बंदूक दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत मोजा, त्यात चार बोटं मिळवा आणि ती आतली उंची धरा. दुकानदार सांगतो ती बाहेरची असते. मधोमध मोडून काडतूस भरायची बाराबोर नळी, दस्ता आणि पुढचा लाकडी भाग अशी सुटी होते, आणि नळी 30 इंची असेल तर तीन फुटी कपाटही चालतं. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, तशी सुटी होत नाही आणि बहुधा बाराबोरपेक्षा लांब असते, म्हणून तिच्यासाठी पाच फुटी कपाट लागतं. उलट बाजूनेही फसू नका. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा ‘दहा बंदुकांचं’ कपाट घेऊन आठ रिकामे खण पुसत बसण्यात अर्थ नाही.

आता किल्ली. आमच्या वाडीत कोणाच्याही घरी विचारा, कपाटाची किल्ली देवघरात फोटोमागे, नाहीतर पिठाच्या डब्याखाली. चतुर्थीला चाकरमानी येतात, घरात वीस माणसं आणि त्यांत सात-आठ पोरं. एका वर्षी आरतीच्या गडबडीत माझा दहा वर्षांचा भाचा बाराबोर घेऊन खळ्यात उभा होता. फोटोसाठी! बंदूक रिकामी होती, कारण काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात होती. मी ओरडलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “चावी खंय आसता ता सगळ्यांकच म्हायत आसा, मामा.” त्या दिवसापासून किल्ली माझ्या करगोट्याला आहे. घरचे हसतात, हसू देत. परवाना माझ्या नावावर आहे. माझ्यामागे बिनपरवान्याच्या माणसाच्या हातात बंदूक गेली तर पोलिसांपुढे मलाच उभं राहावं लागेल.

काडतुसं त्याच कपाटात ठेवायची असतील तर निदान आतल्या वेगळ्या कुलपाच्या खणात ठेवा, आणि तो खण दाखवल्याशिवाय कपाट घेऊ नका. ठासणीवाल्यांनी मात्र बंदुकीची दारू आणि केपा (ती पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) लोखंडी कपाटात मुळीच कोंडू नयेत. उघड्यावर भुरकन जळून जाणारी दारू जाड पत्र्यात कोंडली की तिचा बॉम्ब होतो.

किल्ली नको म्हणून बोटाच्या ठशाचं कुलूप घेणारेही आहेत. शहरात ठीक असेल. इथे काजूच्या हंगामात बिया सोलणाऱ्या माणसाच्या बोटांची सालपटं निघतात, आणि यंत्राला मालक ओळखूच येत नाही. आकड्यांचं कुलूप त्या मानाने बरं, पण दोन गोष्टी बघा. कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. आणि पुढच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली अडचणीच्या वेळची किल्ली लागते ते भोक उघडून पाहा. तिथलं कुलूप सायकलच्या कुलपासारखं असेल तर वरचे आकडे शोभेचे. सेल दर वर्षी पावसाआधी बदला, कारण दमट हवेत ते पाझरतात आणि आतले पत्रे हिरवे पडतात. माझं मत विचाराल तर चांगलं लिव्हरचं कुलूप आणि दोन किल्ल्या, त्यातली एक बँकेच्या लॉकरमध्ये.

पत्र्याबद्दल दुकानदार गेजमध्ये बोलतो, तुम्ही मिलिमीटरमध्ये विचारा. बावीस गेज ऐकायला भारी वाटतं, पण गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. बावीस गेज म्हणजे एका मिलिमीटरलाही कमी, साड्यांच्या कपाटाचा पत्रा, पहारीने पाच मिनिटांत उचकटतो. अंग 3 मिलिमीटर आणि दार 5 मिलिमीटर असेल तर दुकानातलं अर्धं सामान आपोआप बाद होतं. खरं-खोटं वजनावरून कळतं. साडेचार फूट उंच, सव्वा फूट रुंद आणि तेवढंच खोल असं कपाट या जाडीत 65 किलोच्या आसपास भरायला हवं. दोन पोरं हसत-खेळत ते उचलत असतील तर जाडी खोटी आहे. बाहेर कोयंडा लावून टाळं घालणारं कपाट घेऊ नका, ग्राइंडर आता प्रत्येक वाडीत आहे. दाराच्या खिट्ट्या बिजागरांच्या बाजूलाही कपाटाच्या कडेत शिरतात का, ते दार उघडून बोटाने चाचपा.

गावातल्या वेल्डरकडून करून घेतलं तरी चालतं. मी दुसऱ्यांदा तेच केलं आणि पस्तावलो नाही. फक्त आतल्या जोडांनाही रेडऑक्साइड मारायला उभं राहून लावा, नाहीतर पहिल्या आषाढात वेल्डिंगच्या रेषा तांबूस होतात.

बसवताना होणारी चूक खास आपल्याकडची. 65 किलोचं कपाट मोकळं उभं असेल तर दोन माणसं ते टेम्पोत घालून नेतात आणि सावकाश फोडतात. म्हणून भिंतीला आवळायचं. पण भिंत जांभ्याची असते. जांभा मऊ आणि छिद्राळ. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं आणि आपण खूश होतो. मग एक्स्पान्शन बोल्ट (आवळला की भोकात फुगून धरणारा) आवळला की आतला दगड भुसभुशीत होऊन बोल्ट हातात येतो. जुनी भिंत मातीत बांधलेली असेल तर चिराच हलतो. दोन उपाय टिकतात: केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात चिकटवलेला बोल्ट, किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडच्या खोलीत लोखंडी पट्टीवर नट आवळणे. दुसरा दिसायला ओंगळ, पण मला जास्त भरवशाचा वाटतो. कोबा किंवा शेणाची जमीन असेल तर खाली सहा इंचांचा काँक्रीटचा ओटा घालून त्यातच बोल्ट पुरा. ओलही वर चढत नाही.

ओल मात्र सगळ्यांत मोठा शत्रू. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खाडीची खारी हवा. पैसे जास्त आहेत म्हणून आगीपासून राखणारी, कागदपत्रांची जाड तिजोरी घेतली जाते, आणि तिथेच गंज लागतो. तिच्या भिंतींत जे भरलेलं असतं त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होऊन कागद वाचतात, पण एरवीही आतली हवा दमट राहते. कागदाला चालतं, नळीला नाही.

कपाटाला आतून मखमल किंवा स्पंज असेल तर काढून टाका. बंदूक चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवणं तर गंजाला आमंत्रण. आमचे आबा कपाटात ‘झिरो’चा दिवा लावून ठेवायचे. नावाला झिरो, पण पंधराएक वॉट खायचा आणि तेवढ्या उबेने कपाट कोरडं राहायचं. आबा गेल्यावर मी तो काढून एलईडी लावला. उजेड छान पडला, ऊब गेली, आणि श्रावणात बंदुकीच्या घोड्याखाली तांबूस पावडर दिसली. आता सिलिका जेल वापरतो, बुटाच्या खोक्यातली पुडी नव्हे, अर्धा किलो, सुती पिशवीत. नारिंगी दाणे हिरवे झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा नारिंगी होतात. जुलैत दर आठवड्याला.

आणि खोबरेल तेल लावू नका. घरात असतं, हात जातो, पण ते थंडीत थिजतं आणि वर्षभरात त्याचा चिकट थर होतो. ठासणीच्या नळीत तर जळलेल्या दारूचा मळ स्वतःच ओल ओढतो. गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, बंदुकीचं तेल लावूनच आत ठेवायची. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की तसंच करा. दोन महिने ती कुठल्या कोपऱ्यात उभी होती कोण जाणे.

पावसात दार अडकलं तर हातोडी घेऊ नका. बहुतेक वेळा बोल्ट सैल होऊन कपाट एका बाजूला कललेलं असतं. खाली पत्र्याची चकती सरकवली की दार आपोआप लागतं. किल्ली जड फिरत असेल तर तेल न घालता ग्रॅफाइटची पूड फुंका, तेलावर धूळ बसते. आणि बंदुकीचा नंबर लिहिलेला कागद आणि परवान्याची झेरॉक्स त्याच कपाटात ठेवू नका. कपाटच गेलं तर फिर्याद द्यायला ठाण्यात पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.