पुनर्वापरित खडी आणि पोलादी नळीचे स्तंभ: या चुका टाळा

पाडकामातल्या काँक्रीटची खडी वापरून पोलादी नळ्या भरण्याची कल्पना मुळात चांगली आहे, कारण बंद नळीत काँक्रीटमधले पाणी उडून जात नाही आणि या खडीमुळे वाढणारे आकुंचन बरेचसे आटोक्यात राहते. परंतु ‘नळी सगळे सांभाळून घेते’ या भरवशावर भरलेल्या स्तंभांत तेच ते दोष पुन्हा पुन्हा दिसतात.

सर्वांत मोठी चूक पाण्याची. या खडीला जुना मसाला चिकटलेला असल्याने ती वजनाच्या 5 टक्के पाणी सहज शोषते, तर आपली काळ्या दगडाची खडी साधारण एक-दोन टक्क्यांवर थांबते. घनमीटरमागे 1100 किलो खडी पूर्णपणे बदलली आणि ती कोरडी असली, तर 55 लिटर पाणी तिच्यातच मुरू शकते, म्हणजे मिश्रणाच्या पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा. मग स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाचे माप) उतरला की मिक्सरवरचा माणूस अंदाजाने पाणी ओततो आणि त्या पाण्याची नोंद कुठेच राहत नाही. मी खडी आदल्या दिवशी भिजवून, निथळून, ओल्या गोणपाटाखाली ठेवायला लावतो. सकाळी थोडी खडी तव्यावर वाळवून, आधीच्या आणि नंतरच्या वजनातून तिच्यातले पाणी काढतो आणि तेवढे झाल्याशिवाय मिक्सर सुरू करू देत नाही. यात वेळ जातो अशी तक्रार करणाऱ्यांनी या खडीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक नळीच्या टोकाची. एका प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी 450 मिलिमीटर उंचीचे नमुने भरले. काँक्रीट खाली बसून नळीच्या कडेपेक्षा जवळजवळ 2 मिलिमीटर आत गेले होते आणि घाईत कोणी वरून पट्टी लावून पाहिले नाही. 250 मेगापास्कलच्या पोलादाला एवढ्या उंचीत शरणबिंदू (जिथून पोलाद कायमचे दबू लागते तो ताण) गाठण्यासाठी जेमतेम 0.56 मिलिमीटर दबणे पुरते. साहजिकच सगळा भार एकट्या नळीवर आला, वरच्या टोकाशी तिला गोल फुगवटा आला, आणि अहवालात मात्र ‘पुनर्वापरित खडीमुळे क्षमता घटली’ असा निष्कर्ष लिहिला गेला. त्या खडीवर भार आलाच नव्हता. काँक्रीट कडेच्या थोडे वर येईल असे भरावे आणि घट्ट झाल्यावर घासून सपाट करावे. खोलगट राहिलेच, तर न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी भरावाने) भरावे.

नळीचा आवळ, म्हणजे आतल्या काँक्रीटला चहूबाजूंनी मिळणारी पकड, सुरुवातीपासून मिळतो, हाही गैरसमजच. पोलादाचे प्वासाँ गुणोत्तर (दबताना आडवे फुलण्याचे प्रमाण) सुमारे 0.3 आणि काँक्रीटचे 0.2, त्यामुळे कमी भारावर नळीच अधिक फुलते. आतले काँक्रीट सूक्ष्म तडे जाऊन फुगू लागले की मगच आवळ कामाला येतो. चौकोनी नळीत तो मुख्यतः कोपऱ्यांपुरता असतो, म्हणून युरोकोड 4 (पोलाद-काँक्रीटच्या संयुक्त बांधकामाची युरोपीय संहिता) त्याचा लाभ फक्त गोल नळीला देतो, तोही आखूड स्तंभाला आणि भाराची विकेंद्रता (स्तंभाच्या मध्यापासूनचे अंतर) कमी असेल तरच.

काँक्रीटचा लवचिकता गुणांक (ताण आणि दबण्याचे गुणोत्तर) आयएस 456 या भारतीय काँक्रीट संहितेच्या सूत्राने काढू नका, त्याच काँक्रीटच्या सिलिंडर नमुन्यावर मोजा. विटा आणि जिप्सम मिसळलेला राडारोडा या कामात घेऊच नका. प्रबलित (सळ्या घातलेल्या) काँक्रीटसाठी आयएस 383:2016 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाने पुनर्वापरित काँक्रीट खडीला 20 टक्क्यांची, तीही एम 25 (25 मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटपर्यंतच, मर्यादा घातली आहे. प्रयोगशाळेतले शंभर टक्क्यांचे प्रमाण साइटवर नेऊ नका. आणि प्रत्येक मजल्यावर स्तंभाच्या वर व खाली किमान 20 मिलिमीटर व्यासाचे भोक ठेवा, नाहीतर आगीत आतल्या पाण्याची वाफ कोंडून नळी फाटू शकते.