रताळं भाजण्यापेक्षा उकडा

मधुमेह असेल तर रताळं निखाऱ्यावर भाजण्यापेक्षा उकडून खावं. भाजताना ते सावकाश तापतं, तेवढ्या वेळात आतल्या पिष्टाची माल्टोज साखर होते. म्हणूनच भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं आणि रक्तातली साखरही भराभर चढवतं. उकडलेलं त्या मानाने सौम्य. तरी एका वेळी 100 ग्रॅम, म्हणजे एक लहान रताळं पुरे, आणि उपासाला असेल तर त्याच ताटात साबुदाणा नको.

माती ब्रशने घासून काढा, साल ठेवा. तंतू तिथेही असतात. सुरी सहज आत गेली की गॅस बंद करा. केशरी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) भरपूर असतं, पांढऱ्यात फारच थोडं. ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा, म्हणून वर चमचाभर तूप किंवा दाण्याचं कूट घ्याच.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका, गाभा कडक राहतो आणि शिजत नाही. काळी भोकं पडलेलं, कडू लागणारं रताळं मात्र सरळ टाकून द्या: कीड लागल्यावर त्यात तयार होणारं विष शिजवूनही जात नाही.