बॅकअप दोनदा चालतोय? आधी बघा, दुसऱ्यांदा चालवतंय कोण

लिनक्स सर्व्हरवर रात्री २ चा बॅकअप लावलाय आणि सकाळी बघता तर मेल दोन, किंवा डंप फाइली (डेटाबेसची काढून ठेवलेली कॉपी) दोन, किंवा लॉगमध्ये "बॅकअप सुरू" ही ओळ दोनदा. अशा वेळी बरेच जण सरळ स्क्रिप्टला लॉक (एक फेरा चालू असताना दुसरा अडवायची सोय) लावतात आणि विषय संपला म्हणतात. लॉक लावायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर जो कोणी दुसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवतोय तो फक्त दिसायचा बंद होतो, जात कुठेच नाही, आणि तो नेमका काय करतोय हे कळायचा रस्ताही तुम्हीच बंद केलेला असतो.

कमांड मी इथे आपण फोनवर समोरच्याला सांगतो तशा लिहिल्यात, मायनस म्हणजे आडवी रेघ, टाइप करताना तेवढं सांभाळा.

पहिल्यांदा खरंच दोनदा चालतोय का ते बघा. पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारल्यावर एकाच बॅकअपच्या तीन ओळी दिसतात, एक क्रॉनची (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) स्वतःची, एक "एसएच मायनस सी" वाली आणि एक तुमच्या स्क्रिप्टची, आणि बघणाऱ्याला वाटतं दोन-तीन कॉपी चालू आहेत. तसं नसतं, क्रॉन आधी शेल उघडतो आणि शेल तुमची स्क्रिप्ट चालवतो, ती एकच साखळी असते. मेलचंही तेच, स्क्रिप्ट स्वतः एक मेल पाठवते आणि तिने स्क्रीनवर जे छापलं ते क्रॉन वेगळ्या मेलने पाठवतो, म्हणजे मेल दोन पण बॅकअप एकच. त्यामुळे मेल मोजू नका, लॉग बघा. उबंटू-डेबियनवर "जर्नलसीटीएल मायनस यू क्रॉन", रेडहॅटच्या घरातल्या सिस्टिमवर तेच पण शेवटी "क्रॉनडी". तिथे अशी ओळ दिसेल:

०२:००:०१ क्रॉन[४१२२]: (रूट) सीएमडी (बॅकअप स्क्रिप्टचा पाथ)

यात तीन गोष्टी कामाच्या आहेत, वेळ, चौकोनी कंसातला प्रोसेस आयडी आणि गोल कंसातला युजर. अशा दोन ओळी असतील, आयडी वेगवेगळे असतील, तर क्रॉननेच दोनदा चालवलंय. ओळ एकच असेल तर दुसरा फेरा क्रॉनच्या बाहेरून येतोय, आणि हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं.

आता दोन फेऱ्यांमधलं अंतर बघा, माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच असतो. दोन्ही एकाच सेकंदाला सुरू झालेत तर बहुतेक वेळा नोंद दोन जागी आहे. काही मिनिटांचं अंतर असेल आणि ते रोज बदलत असेल तर अ‍ॅनाक्रॉन (हुकलेली कामं नंतर उरकणारा) किंवा सिस्टमडीचा (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर, कारण दोघांनाही मुद्दाम थोडा उशीर करायची सोय असते (रेडहॅटच्या अ‍ॅनाक्रॉनटॅबमध्ये हा रँडम डिले ४५ मिनिटांपर्यंत ठेवलेला असतो). आणि बरोबर साडेपाच तासांचं अंतर असेल तर कुठेतरी एक घड्याळ आपल्या वेळेवर आहे आणि एक यूटीसीवर (जागतिक वेळेवर), त्याचं खाली सविस्तर सांगते.

नोंद शोधायला "क्रॉनटॅब मायनस एल" पुरत नाही, क्रॉनटॅब म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी आणि त्यात फक्त तुमच्या युजरचं दिसतं. रूटचा वेगळा असतो, डिप्लॉय युजरचा वेगळा, वेबसर्व्हरच्या युजरचा वेगळा. रूट होऊन एकच ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारा: ग्रेप, मायनस आर, स्क्रिप्टचं नाव, पुढे स्लॅश ईटीसी, आणि स्लॅश व्हार स्लॅश स्पूल स्लॅश क्रॉन. सगळ्या युजरांचे क्रॉनटॅब, ईटीसीतला मुख्य क्रॉनटॅब, क्रॉन डॉट डी, क्रॉन डॉट डेली, अ‍ॅनाक्रॉनटॅब आणि तुम्ही बनवलेले सिस्टमडीचे युनिट, सगळं एका झटक्यात येतं. पूर्ण पाथ देऊ नका, नुसतं फाइलचं नाव द्या, कारण एका जागी पूर्ण पाथ असतो आणि दुसऱ्या जागी "सीडी करून मग डॉट स्लॅश" असं लिहिलेलं असतं.

क्रॉन डॉट डी फोल्डरमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. फाइल बदलायच्या आधी तिची कॉपी त्याच फोल्डरमध्ये ठेवायची सवय असते, आणि क्रॉनला ती जुनी कॉपी आहे हे कळायचं काही कारण नाही, तो दोन्ही वाचतो. डेबियन-उबंटूवर नावात डॉट असला तर फाइल सोडून देतो, म्हणून "बॅकअप डॉट बॅक" चालत नाही पण "बॅकअप-ओल्ड" मात्र चालते, आणि रेडहॅटवाल्या सिस्टिमवर डॉट असला तरी वाचतो म्हणजे तिथे "बॅकअप डॉट बॅक" सुद्धा रात्री २ ला उठते. जुन्या कॉपी रूटच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, तिथे त्यांना कोणी हात लावत नाही.

डिप्लॉय स्क्रिप्टही (सर्व्हरवर नवीन कोड चढवणारी) बघा. "आधीचा क्रॉनटॅब काढ, खाली एक ओळ जोड, परत क्रॉनटॅबला दे" हा तुकडा फार ठिकाणी असतो, आणि तो दर डिप्लॉयला तीच ओळ पुन्हा जोडतो, म्हणजे दोन डिप्लॉय झाले की दोन, पाच झाले की पाच. अ‍ॅन्सिबल (सर्व्हर सेट करायचं टूल) वापरत असाल तर त्याचं क्रॉन मॉड्यूल नोंद ओळखतं ती तुम्ही दिलेल्या नावावरून, नाव बदललं की त्याच्या लेखी ती नवीन नोंद आणि जुनी तशीच राहते, क्रॉनटॅबमध्ये "अ‍ॅन्सिबल" लिहिलेल्या दोन कॉमेंट दिसल्या की समजायचं. जुनी काढायला त्याच जुन्या नावाने स्टेट अ‍ॅबसेंट करून एकदा चालवा.

नोंद एकच आहे पण वेळच चुकीची लिहिलीये असंही असतं. क्रॉनच्या ओळीत क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असतात. मिनिटाच्या जागी "*/४०" लिहिलं की माणसाला वाटतं दर ४० मिनिटांनी, पण क्रॉन दर तासाला ० आणि ४० मिनिटांनी चालवतो, म्हणजे तासात दोनदा, मध्ये एकदा ४० आणि एकदा २० मिनिटं. फक्त रविवारी दोनदा चालत असेल तर रोजची ओळ "० २ * * *" आणि आठवड्याच्या फुल बॅकअपची "० २ * * ०" दोन्ही आहेत का बघा, रविवारी दोन्ही लागू होतात, रोजच्या ओळीत शेवटी १-६ करा. आणि महिन्याचा पहिला रविवार म्हणून कोणी "० २ १-७ * ०" लिहिलं असेल तर ते १ ते ७ तारखेला रोज चालतं आणि वर प्रत्येक रविवारी पण, कारण तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन "हे किंवा ते" असं धरतो. तिथे वाराच्या जागी स्टार ठेवा आणि वार स्क्रिप्टच्या सुरुवातीला तपासा.

सिस्टमडीकडे जाऊ. "सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स मायनस मायनस ऑल" मारलं की सगळे टायमर दिसतात, शेवटचं कधी चाललं आणि पुढचं कधी, दोन्ही. कोणीतरी क्रॉनवरून टायमरवर शिफ्ट केलं आणि क्रॉनची ओळ काढायची राहिली, हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. दुसरं असं की टायमर तर एनेबल करायचाच असतो पण सोबत सर्व्हिसही एनेबल करून ठेवतात, आणि सर्व्हिसमध्ये इन्स्टॉल सेक्शन असला की ती प्रत्येक बूटला स्वतः चालते. फक्त रीस्टार्टच्या दिवशी दोनदा होतंय का बघा, असेल तर सर्व्हिस डिसेबल करा, टायमर राहू द्या. टायमरमध्ये "पर्सिस्टंट" ट्रू असेल तर मशिन बंद असताना हुकलेला बॅकअप ते चालू झाल्या झाल्या होतो, तो बिघाड नाही, उलट चांगली सोय आहे, ती काढू नका.

सर्व्हर परदेशातल्या टाइमझोनवर असेल तर ऋतूप्रमाणे घड्याळ मागे-पुढे होतं तेही लक्षात घ्या. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो. ठरलेल्या वेळेच्या कामांना लिनक्सवरचा नेहमीचा क्रॉन हे सांभाळून घेतो, पण अ‍ॅप्लिकेशनच्या आतले शेड्युलर सगळे घेतीलच असं नाही, त्यामुळे असे सर्व्हर यूटीसीवर ठेवलेले बरे.

आता ते साडेपाच तासांचं. एका ऑफिसचा अकाउंटचा सर्व्हर मी सांभाळत होते, रात्री २ ला डेटाबेसचा डंप आणि तो त्यांच्या नासवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर). अचानक रोज "बॅकअप यशस्वी" चे दोन मेल यायला लागले, एक २:१४ ला आणि एक सकाळी ७:४१ ला. वर लिहिलेलं सगळं मी दोन संध्याकाळी बसून तपासलं आणि लॉगमध्ये नोंद एकच, ग्रेपमध्ये ओळ एकच, टायमर नाहीच. मग ७:४१ च्या मेलचे पूर्ण हेडर उघडले आणि "रिसीव्हड" च्या ओळीत आयपी बघितला तर शेवटचा आकडा वेगळा. तो होता जुना व्हर्च्युअल सर्व्हर, जो शिफ्टिंगनंतर बंद केला होता पण ऑटोस्टार्ट चालू राहिला होता, लाइट गेली, होस्ट (त्याला चालवणारं खरं मशिन) रीस्टार्ट झाला आणि त्याच्यासोबत हाही उठला. त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणून त्याचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे ७:३०.

इथपर्यंत मला ही फक्त डबल मेलची कटकट वाटत होती. मग नासवर फाइल बघितली. फाइलच्या नावात फक्त तारीख होती, दोन्ही मशिनच्या फाइलीचं नाव तेच, म्हणजे २ वाजताचा खरा डंप रोज सकाळी जुन्या सर्व्हरच्या दोन महिन्यांपूर्वीच्या डेटाने पुसला जात होता. हे अकरा दिवस चाललं होतं. त्या अकरा दिवसांत नवीन सर्व्हर पडला असता तर त्या ऑफिसच्या हातात दोन महिन्यांची बिलंच नसती, आणि मेल मात्र रोज यशस्वी म्हणत होता. मी लॉक लावलं असतं तर नवीन सर्व्हरवर लागलं असतं, जुन्याला त्याचा पत्ताही लागला नसता. नासवर नेण्यासाठी आरसिंक (दोन जागच्या फाइली जुळवणारी कमांड) डिलीट ऑप्शनने चालत असता तर याहून वाईट, मधल्या काळात नव्याने आलेल्या फाइलीच उडाल्या असत्या.

म्हणून दुसरा फेरा कोण चालवतंय हे स्क्रिप्टलाच लिहायला लावा. अगदी सुरुवातीला एक ओळ टाका जी एका लॉग फाइलला तारीख-वेळ, होस्टनेम आणि युजर जोडते, आणि तिच्याखाली "पीएसट्री मायनस एपीएस" पुढे दोन डॉलर, तेही त्याच फाइलला. दोन डॉलर म्हणजे स्क्रिप्टचा स्वतःचा प्रोसेस आयडी, आणि ही कमांड वरून खालपर्यंत पूर्ण वंशावळ छापते. मध्ये क्रॉन दिसला तर क्रॉन, अ‍ॅनाक्रॉन आणि रन-पार्ट्स दिसले तर डेली फोल्डर, सिस्टमडीच्या खाली थेट स्क्रिप्ट असेल तर टायमर किंवा सर्व्हिस. दोन रात्री थांबा, उत्तर लॉगमध्ये येतं. आणि बॅकअप झाला पण या लॉगमध्ये ओळच नाही, तर तो या मशिनवर झालेलाच नाही, नासच्या एसएसएच लॉगमध्ये आयपी बघा. कंटेनरमध्ये (डॉकर वगैरे) क्रॉन असेल तर त्या कंटेनरच्या कॉपी किती चालू आहेत तेही मोजा, दोन कॉपी म्हणजे दोन क्रॉन.

सापडला की जास्तीची नोंद काढा, पण आधी "क्रॉनटॅब मायनस एल" चं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा. क्रॉनटॅब बदलायच्या मायनस ई च्या शेजारीच मायनस आर आहे कीबोर्डवर, आणि तो न विचारता सगळा क्रॉनटॅब उडवतो. जुनं मशिन असेल तर नुसतं बंद करून सोडू नका, त्याचा ऑटोस्टार्ट काढा आणि नासवरच्या ऑथराइज्ड कीजमधून (कोणाला आत घ्यायचं त्याची यादी) त्याची की काढा, मग ते परत उठलं तरी काही लिहू शकणार नाही. त्यासाठी प्रत्येक मशिनची की वेगळी हवी, क्लोन करताना की पण कॉपी होते हे लक्षात ठेवा.

आणि आता लॉक. क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी "एफलॉक मायनस एन" आणि लॉक फाइलचा पाथ लिहा, पहिला फेरा चालू असताना दुसरा आला तर तो गपचूप परत जातो. टच करून हाताने बनवलेली लॉक फाइल वापरू नका, स्क्रिप्ट मध्येच मेली तर ती फाइल तशीच राहते आणि मग बॅकअप कधीच चालत नाही, एफलॉकचं लॉक प्रोसेस मेली की कर्नल स्वतः सोडतो. फक्त एवढं समजून घ्या की तो एकाच वेळी चालणारे दोन थांबवतो, पहिला ४ मिनिटांत संपला आणि दुसरा अर्ध्या तासाने आला तर एफलॉक त्याला अडवत नाही.

फाइलच्या नावात तारखेसोबत वेळ आणि होस्टनेम टाका, आणि डंप आधी तात्पुरत्या वेगळ्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. दोन डंप एकाच फाइलमध्ये एकदम लिहायला लागले की साइज ठीक दिसते पण आत खिचडी असते, म्हणून जितक्या दिवस दोनदा चाललं तितक्या दिवसांच्या फाइली "जीझिप मायनस टी" ने (कॉम्प्रेस केलेली फाइल धड आहे का ते बघते) तपासा. ज्या फेल होतील त्या बॅकअप म्हणून मोजू नका. ज्या पास होतील त्यातली सगळ्यात नवीन एखाद्या टेस्ट मशिनवर रिस्टोअर करा आणि शेवटच्या बिलाची तारीख डोळ्यांनी बघा, माझ्या त्या जुन्या सर्व्हरच्या फाइली जीझिपमध्ये सगळ्या पास झाल्या होत्या.

वंशावळ लिहिणाऱ्या त्या दोन ओळी काम झाल्यावर काढू नका. रोज थोडासाच मजकूर पडतो, वर्षभर ठेवला तरी डिस्कला काही होत नाही, आणि पुढच्या वेळी एखादं मशिन क्लोन झालं किंवा कोणी टायमर लावला तर तो पहिल्याच रात्री तिथे दिसतो.