चेहऱ्याला ॲसिड (मेलेली स्किन काढणारं) लावताय? आधी हे वाचा

आपल्या रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत घाम, तेल, खारा वारा सगळं चेहऱ्यावर बसतं, त्यामुळे नाकावर काळे ठिपके असतील तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड बरं पडतं, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रांत उतरतं, आणि स्किन कोरडी असेल तर ५ टक्के लॅक्टिक ॲसिडने सुरुवात करा.

आधी कानामागे थोडंसं लावून दोन दिवस बघा. मग आठवड्यातून एकदाच, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वरून मॉइश्चरायझर, आणि त्या रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए वालं क्रीम) अजिबात नको.

आंब्याच्या चिकाने भाजलंय ना, तिथे तर लावूच नका प्लीज, आधी खपली गळून पडू दे.

सकाळी एसपीएफ ३० सनस्क्रीन हवंच, ढग असले तरी. आग थांबत नसेल तर लगेच धुवून टाका.